जत्रेच्या दुसऱ्या दिवशीचा कचरा

मी कचरा निवडते. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, कारण आमच्या घरात ते दीड वर्ष कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. नवरा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला जातो. त्याला कुणी विचारलं तर तो सांगायचा, "ती ग्रामपंचायतीत असते." ऐकणाऱ्याला वाटायचं, मी खुर्चीत बसून दाखले लिहिते. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या तर तेवढंही सांगत नसत. सून काय करते असं पाहुण्यांनी विचारलं की म्हणायच्या, "घरीच असती की." मी त्यांच्या देखत हातमोजे घेऊन पायरी उतरत असले तरी उत्तर तेच.

ह्या कामात मी पडले ती रागाच्या भरात. रागाच्या भरात मी आयुष्यात बऱ्याच चांगल्या गोष्टी केल्या आहेत, त्यातली ही सगळ्यात मोठी. गावाबाहेर ओढ्याच्या कडेला सगळ्या गावाचा कचरा पडायचा आणि दर वर्षी जत्रा झाली की तो ढीग पेटवून द्यायचा, असा रिवाजच होता. ओढ्याच्या बाजूचं पहिलं घर आमचं, आणि चैत्रातला वारा नेमका आमच्या दारात. आठ-आठ दिवस वाळत घातलेल्या कपड्यांना जळक्या प्लास्टिकचा वास यायचा. आत्या खोकून खोकून बेजार व्हायच्या आणि वर म्हणायच्या, "काय न्हाई, हवा बदलली." मग एका ग्रामसभेत जाहीर झालं की ओढ्याजवळ पत्र्याची शेड बांधली आहे आणि कचरा वेगळा करायला तीन बायका पाहिजेत. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. त्या हसण्याचा मला असा संताप आला की मी हात वर केला.

घरी आले तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. आत्या ओट्यावर बसल्या होत्या.

"सातबारा आपल्या नावावर, अन् गावची घान तू निवडनार?"

"आत्या, घाण आपल्याच नाकात जाते ना?"

"माझ्या नाकाचं मला बघू दे." मग जरा वेळाने म्हणाल्या, "जायाचं तर जा. पन तिथनं आल्यावर आंघोळ केल्याबिगर चुलीपाशी यायचं न्हाई."

चूल कधीच गेली होती, गॅसची शेगडी होती, पण नियम चुलीचा. तेव्हापासून रोज मागच्या दारी, पत्र्याच्या मोरीत, थंडी असो की ऊन, आधी आंघोळ आणि मग स्वयंपाकघर. मीही हट्टी. एक दिवस चुकवला नाही आणि एक दिवस तक्रार केली नाही. पण मोरीतली बादली जरा जास्तच जोरात आपटायचे, म्हणजे ओट्यापर्यंत ऐकू जावं.

शेडमध्ये आम्ही तिघी: मी, माझी धाकटी चुलत जाऊ आणि वरच्या आळीतली एक बाई, जिला आम्ही ताई म्हणतो. पारनेरला एक दिवस प्रशिक्षण झालं. तिथल्या साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला होता. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्यात, घातक लाल डब्यात. ओला म्हणजे भाजीची देठं, सालं, उरलेलं अन्न. साहेबांनी विचारलं, "सध्या तुम्ही ह्या ओल्या कचऱ्याचं काय करता?"

ताई म्हणाली, "म्हशीला घालतो."

"आणि म्हैस जे खात नाही ते?"

"शेळीला."

"आणि शेळीसुद्धा खात नाही ते?"

"आमची शेळी खात न्हाई असं काय नस्तं, साहेब."

साहेब हसले, पण अडचण खरी होती. ज्या घराच्या दारात दावण आहे त्या घरातून ओला कचरा बाहेर पडतच नाही. शेडमध्ये खतासाठी चार हौद बांधलेले, आणि पहिले पंधरा दिवस त्यात टाकायला काही मिळेना. मग आम्ही आठवडे बाजारातला भाजीचा पाला उचलायला लागलो, देवळातली फुलं, टपरीवरचा चहाचा चोथा, आणि लग्न असलं की पंगतीतलं उष्टं, कागदी पत्रावळ्यांसकट. हौद भरू लागले.

लाल डब्याचीही आमच्याकडे गंमतच होती. तक्त्यावर त्याच्याखाली शहरातल्या वस्तू काढल्या होत्या. आमच्या गावात घरोघर संकरित गाई. डॉक्टर गोठ्यात इंजेक्शन देतात आणि सुई तिथेच शेणात पडते. शेण उकिरड्यावर, उकिरडा शेतात, आणि शेतात खुरपणाऱ्या बाईचा पाय. मी गोठ्यागोठ्यात जाऊन एकेक पत्र्याचा डबा खुंटीला टांगून आले आणि सांगितलं, सुई ह्यात, नाहीतर तुमच्या घरचा कचरा उचलणार नाही. चार लोकांनी नाक मुरडलं. दोन महिन्यांत डबे भरून यायला लागले. एका डॉक्टरांनी गाडी थांबवून मला नमस्कार केला, तो मी घरी आल्यावर मोठ्या आवाजात सांगितला. आत्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता आमची फजिती सांगते, ती लपवण्यात अर्थ नाही. सुक्या कचऱ्यातलं प्लास्टिक भंगारवाल्याला द्यायचं, ते "निवडून ठेवा" एवढंच त्याने फोनवर सांगितलं होतं. निवडणं आम्हाला कुणी शिकवायला पाहिजे का? ह्या भागातल्या बाईचं निम्मं आयुष्य कांदा निवडण्यात जातं. मोठा, मध्यम, गोल्टी म्हणजे बारका, आणि सडका-मोडका तो बदला. आम्ही तिघी मांडी घालून बसलो आणि चार दिवसांत सगळं प्लास्टिक निवडून, पोती शिवून, ओळीने लावून ठेवलं. भंगारवाला टेम्पो घेऊन आला. त्याने पहिलं पोतं उघडलं. त्यात मोठी बाटली, मोठी पिशवी, मोठं पिंप. दुसऱ्यात मध्यम बाटल्या, मध्यम पिशव्या, मध्यम डबे. तिसऱ्यात सगळी गोल्टी: टोपणं, पाण्याचे पाऊच, गुटख्याच्या पुड्या. चौथ्यात बदला.

तो माणूस टेम्पोच्या फळीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "ताई, हा काय कांदा हाय व्हय? हे साइजवर न्हाई, जातीवर निवडायचं!"

आम्हा तिघींचे चेहरे पार उतरले. पण माणूस भला होता. हसून झाल्यावर तो आमच्यात येऊन बसला आणि त्याने शिकवलं. पिशवी कानाजवळ धरून चुरगाळायची. कुरकुर वाजली तर एक जात, गप्प राहिली तर दुसरी. दुधाची पिशवी गप्प. चिवड्याचा पुडा वाजतो, आणि त्याच्या पोटात चांदी असली तर तो आणखी वेगळा. बाटलीचं टोपण काढायचं, गळ्यातलं कडंही काढायचं, कारण बाटलीचा तुकडा पाण्यात बुडतो आणि टोपण तरंगतं. म्हणजे दोघांचं कूळ एक नाही. वेगळ्या जातीचं एकत्र वितळलं की सगळा माल वाया. त्याने बादली मागवून बुडवूनसुद्धा दाखवलं. महिन्याभरात धाकटी जाऊ डोळे मिटून नुसत्या आवाजावर पिशव्या वेगळ्या करायला लागली, आणि भंगारवाला पोती न उघडता टेम्पोत चढवू लागला.

एका गोष्टीने मात्र आम्हाला दमवलं. खताने. पहिला हौद उघडला, खत काळंभोर, वासही मातीचा. मी मोठ्या ऐटीत माझ्या चुलत दिरांना कांद्याच्या रोपासाठी एक गोणी दिली. चौथ्या दिवशी ते गोणी खांद्यावर घेऊन परत आले.

"वैनी, तुमच्या खतात साडीची जर आहे की ओ."

मूठभर हातात घेऊन उन्हात धरलं तर खरंच, कापल्यासारखे बारीक चकचकीत तुकडे. दुसरा हौद उघडला, तिसरा-चौथा उघडला, तेच. हौदात जाणारी प्रत्येक गोष्ट मी स्वतः बघत होते. पुडा नाही, पिशवी नाही, काही नाही. मग ही चमक येते कुठून? मी रडकुंडीला आले. गावात कुणी ते खत फुकटसुद्धा नेईना.

जत्रा महिन्यावर आली तेव्हा सरपंचांनी बोलावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. खत खपत नाही, शेड अडकून पडली आहे, आणि एका दुकानदाराला ती रासायनिक खताच्या पोत्यांच्या गोडाऊनला पाहिजे. "तरी एक संधी देतो," ते म्हणाले. "जत्रेच्या दुसऱ्या दिवशी हगाम्याच्या कुस्त्या ओढ्याच्याच मैदानात होतात. कुस्त्या सुरू व्हायच्या आत जत्रेचा सगळा कचरा उचलायचा. एक काडी पेटवायची नाही, ओढ्यात ढकलायचं नाही. जमलं तर शेड तुमची. नाही जमलं तर दर वर्षीप्रमाणे पेटवू, आणि तुम्ही आपल्या घरी."

"जमेल," मी म्हणाले. आमच्याकडे विचार करायची पद्धत अशी आहे की आधी हो म्हणायचं आणि मग घाबरायचं.

जत्रा जोरात झाली. गुळाच्या शेरण्या वाटल्या, नारळ फुटले, महाप्रसादाच्या पंगती उठल्या, संध्याकाळी देवाच्या पालखीचा छबिना निघाला. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही तिघी मैदानात उभ्या राहिलो. नारळाच्या करवंट्या आणि शेंड्या, गुलालाच्या पिशव्या, बाटल्या, हार, फुटकी खेळणी, आणि ह्या सगळ्यावर पसरलेल्या जेवणाच्या प्लेटा. इतक्या प्लेटा की खालची माती दिसेना. ट्रॅक्टरने सगळं शेडपुढे ओतलं आणि आम्ही बसलो. माझा हिशेब असा होता की प्लेटा कागदाच्या आहेत, त्या सरळ हौदात जातील, बाकीचं दुपारपर्यंत उरकेल.

घरी त्या दिवशी आत्यांची धाकटी बहीण जत्रेला आली होती. मी निघाले तेव्हाच त्या मावशी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या होत्या, "अक्का, तुझी सून म्हनं कचऱ्यात बसती?" आत्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मी थांबलेच नव्हते.

ऊन वर आलं तेव्हा बघते तर आत्या येताहेत. डोक्यावर पदर, हातात काही नाही, चाल रागाची. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ. पाव्हनी बसलीय घरी. लोकं हसत्यात. चल."

"आत्या, आत्ता उठले तर आजच हा ढीग पेटवतील. आणि खोकणार कोण? मी नाही, तुम्ही."

त्यांचं लक्ष आमच्या हातांकडे गेलं. आता इथे आत्यांबद्दल एक गोष्ट सांगायला पाहिजे. कांदा निवडण्यात ह्या बाईचा हात आमच्या सगळ्या पट्ट्यात नावाजलेला. त्यांच्या हातून गेलेल्या गोणीत नगरच्या मार्केटला व्यापारी पुन्हा हात घालत नसत. कांदा वरून ठणठणीत असला तरी बोटाने दाबून त्या सांगायच्या, आतला एक पदर गेलाय. अशा बाईला कुणी चुकीचं निवडताना बघवत नाही. धाकट्या जावेने प्लेटांचा एक गठ्ठा उचलून खताच्या बाजूला फेकला आणि आत्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ते तिकडं का टाकलं?"

"कागद आहे, आत्या. कुजतो."

आत्या वाकल्या. खरकटी प्लेट उचलली. दीड वर्ष ज्या बाईने मला आंघोळीशिवाय शेगडीजवळ येऊ दिलं नव्हतं, तिने गावाची उष्टी प्लेट हातात घेतली आणि कांद्याला लावतात तसं तिच्या काठाला नख लावलं. रस्सा लागून प्लेट भिजली होती. नखाखालून एक पातळ, चकचकीत पापुद्रा सुटला. आत्यांनी तो सावकाश ओढला. कागद एकीकडे, पापुद्रा एकीकडे.

"ह्यो कागद न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्याला वरनं साल हाय. हे कुजंल का?"

मी त्या पापुद्र्याकडे बघतच राहिले. तीच चमक. चारही हौदांत, दिरांच्या गोणीत, सगळीकडे होती ती हीच. प्रत्येक लग्नाच्या पंगतीतल्या प्लेटा मी स्वतःच्या हाताने हौदात टाकल्या होत्या, कागद म्हणून. मला इतकं हसू आलं आणि इतकी लाज वाटली की मी कपाळावर हात मारला, खरकट्या हातमोज्यासकट.

पण ओळखलं म्हणून ढीग कमी होत नव्हता. एवढ्या प्लेटांची साल तिघीजणी कधी काढणार? ताई हताश होऊन म्हणाली, "आता काय खरं न्हाई." आत्यांनी पदर कमरेला खोचला.

"सुकं सुटायचं न्हाई. पान्यात टाका." जनावरं पाणी पितात तो सिमेंटचा हौद शेजारीच होता. "अन् तू," त्या माझ्याकडे वळल्या, "कांद्याच्या बायांना फोन लाव. म्हनावं, म्या बोलवलंय."

जत्रेच्या दोन्ही दिवशी रानात कुणी जात नाही, सगळ्या घरीच होत्या. माझ्या बोलावण्यावर एकही आली नसती, हे मी लिहून देते. आत्यांचं नाव ऐकलं आणि पंधरा-वीस जणी नव्या लुगड्यांवर जुने सदरे चढवून आल्या. आत्यांनी त्यांना कांद्याला बसवतात तशा दोन ओळींत समोरासमोर बसवलं, मध्ये भिजलेल्या प्लेटांची रास. डाव्या हाताला कागद, उजव्या हाताला साल. पहिली पाच मिनिटं नाकाला पदर होते. मग कुणीतरी कालच्या छबिन्यातल्या एकाच्या नाचाची नक्कल केली आणि पदर खाली आले. हात कांद्याच्या वेगाने चालायला लागले. आत्या ओळीमागून फिरत होत्या आणि कुणाच्या ढिगात चुकीचं दिसलं की डोक्यात टपली मारत होत्या. एक टपली मलाही बसली. बाटलीच्या गळ्यातलं कडं राहिलं होतं. ते बाटलीचं नाही हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी नुसतं बघून ओळखलं होतं.

मैदानात हलगी वाजू लागली तेव्हा शेवटची पाटी उचलली गेली. करवंट्या एका कोपऱ्यात, फुलं आणि कागद हौदात, बाटल्या, टोपणं, गप्प पिशव्या, वाजणारे पुडे, चांदीचे पुडे आणि प्लेटांची साल आपापल्या पोत्यात. ओढ्याच्या काठावर दर वर्षी जिथे ढीग असायचा तिथे झाडून काढलेली जमीन होती. मी त्या जमिनीवर उगीच एक फेरी मारून आले. मला नाचावंसं वाटत होतं आणि खरं सांगते, मी थोडी नाचलेही.

तेवढ्यात ग्रामपंचायतीचे शिपाई रिवाजाप्रमाणे डिझेलचा कॅन आणि काडेपेटी घेऊन आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"कुठं हाय ढीग?"

"संपला," मी म्हणाले.

काय करावं त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी कॅन खाली ठेवला, खिशातून बिडी काढली आणि काडी ओढणार तोच आत्या कडाडल्या, "ए! एक काडी पेटवायची न्हाई, ठरलंय. तिकडं लांब जाऊन वढ." सगळ्या बायका खो-खो हसल्या. सरपंच फेटा बांधून कुस्त्यांना आले होते. ते पोत्यांच्या रांगेपुढून दोन वेळा गेले, एक पोतं उघडून बघितलं आणि म्हणाले, "गोडाऊनवाल्याला दुसरी जागा बघायला सांगतो." मग त्यांनी हात जोडले, ते मात्र मला नाही, आत्यांना.

त्या जत्रेचं खत पावसाळ्यात तयार झालं. दिरांनी मूठभर घेऊन उन्हात धरलं, उलटसुलट बघितलं आणि चार गोण्या मागून नेल्या.

पण त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी घरी निघालो तेव्हा माझ्या मनात ना खत होतं ना शेड. मी बघत होते की ओट्यावर मावशी बसल्या आहेत. आत्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत रश्शाने माखलेलं, केसांत गुलाल.

"अगं बया!" मावशी उठून उभ्याच राहिल्या. "अक्का, कुठं गेल्ती तू?"

आत्या पायरी चढल्या. क्षणभर थांबल्या. मला वाटलं, आता म्हणतील, कुस्त्या बघायला.

"कचरा निवडाया," आत्या म्हणाल्या. "आमी दोघी. लई बारीक नजर लागती त्याला, तुला न्हाई जमायचं."

मी सवयीने मागच्या दारी, मोरीकडे वळले. बादलीला हात लावणार तोच आतून आवाज आला.

"तिकडं कुठं निघालीस? हात धू अन् चहा ठेव. तिघींचा."